तिसरी चूक

मनोहरकाका बसत नसत. खुर्ची रिकामी असो, पाय दुखत असोत, समोरचा माणूस "बसा हो" म्हणून गयावया करत असो, हा माणूस उभाच. टोकियोत ओजिमाला आमच्या बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी होती, तिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. सगळे सतरंजीवर ऐसपैस बसलेले, आणि हे साठीचे काटकुळे गृहस्थ फराळाची ताटली हातात घेऊन दाराशी उभ्याने चकली मोडत होते. दर दोन मिनिटांनी बाहेर जाऊन चपलाबुटांच्या रांगा सरळ करून येत होते. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "काका, ते बूट काही पळून जात नाहीत." तर म्हणाले, "अगं पोरी, बूट नाही पळत, माणसं पळतात. निघताना गडबड नको."

काका मूळचे नगरचे, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेले ख्रिस्ती. त्यांच्या आई तिथल्या चर्चमध्ये पोरांची गाणी बसवायच्या. काका तरुणपणी योकोहामाला एका जहाज कंपनीत नोकरीला आले, तिथल्याच हारुकोकाकूंशी लग्न केलं आणि कायमचे राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी एक भलतंच काम अंगावर घेतलं होतं. परदेशातून जपानच्या दौऱ्यावर येणाऱ्या चर्चच्या क्वायरची, म्हणजे गायकवृंदांची, सगळी व्यवस्था ते बघायचे. बस, हॉटेल, जेवण, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाची उशी उंच लागते, सगळं. मदतीला हक्काची माणसं लागायची, त्यात माझा नंबर लागला. मी तोयोसुला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. काकांच्या कामात मात्र एक चूक सापडायची नाही आणि त्याचा मला खरंच राग यायचा.

"गाणं देवासाठी असतं," ते म्हणायचे, "बस माणसांसाठी असते. देव थांबतो, ड्रायव्हर थांबत नाही." आणि कार्यक्रम सुरू झाला की हे बाहेर! बस कुठे लागली, डबे आले का, पाऊस आला तर छत्र्या किती. इतक्या वर्षांत इतके क्वायर आणले या माणसाने, पण एक कार्यक्रम धड आत बसून ऐकला असेल तर शपथ. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "आत गातायत की सगळे. बाहेर कोण बघणार?"

त्यांची मुलगी नाओमी. बायबलमध्येही हे नाव आहे आणि जपानीतही, म्हणून नवराबायकोचं एकाच मिनिटात एकमत झालं होतं. पोरगी लहानपणापासून गायची. शाळेत कार्यक्रम असला की काका सगळ्यांच्या आधी हजर, पण दाराशी. आलेल्या पालकांना स्लिपर दे, बूट कपाटात लाव, ओल्या छत्र्या निथळत ठेव. शिक्षक खूश, पालक खूश. पोरगी स्टेजवरून बघायची तर आईशेजारची खुर्ची रिकामी. पुढे ती इंग्लंडला एका जुन्या कॉलेजात शिकायला गेली. निघताना विमानतळावर काका तिच्या बॅगेला तिसरा पट्टा आवळत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं गाणं आजपर्यंत एकदाही ऐकलेलं नाही." काका चिडले. "मग इतकी वर्षं मी काय केलं?" असं काहीतरी बोलून बसले. तिथून तीन वर्षं तिचा फोन यायचा तो फक्त आईला.

आणि नेमका त्याच कॉलेजच्या चॅपलचा, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चचा, क्वायर जपानच्या दौऱ्यावर आला. शेकडो वर्षांची परंपरा, लॅटिनमधलं धर्मसंगीत, सव्वीस मुलंमुली, आणि त्यांत नाओमी. काकांनी ते काम मागून घेतलं. पोरगी एकदा बोलावी, एवढंच त्यांना हवं होतं.

ती बोलली नाही. चार दिवस मी हे डोळ्यांनी बघितलं. काका शेजारी उभे असायचे आणि ती मला जपानीत विचारायची, "अनघासान, बस किती वाजता?" मी काकांकडे बघायची. काका मराठीत सांगायचे, "साडेनऊ." मग मी ते तिला जपानीत सांगायचं. तिला मराठी उत्तम कळत होतं हो! मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटायचं.

पाचव्या दिवशी दुपारी योकोहामाच्या एका चर्चमध्ये कार्यक्रम होता आणि दुसऱ्या दिवशी क्योतोला जायचं होतं. जपानात मोठं सामान कुणी ओढत नेत नाही. हॉटेलातून पुढच्या गावच्या हॉटेलवर पाठवून द्यायचं, ते दुसऱ्या दिवशी पोचतं. त्यासाठी काकांची पद्धत होती: निळी चिठ्ठी म्हणजे पुढे जाणारं सामान, पिवळी म्हणजे आपल्यासोबत. ते काम ते कुणाला करू द्यायचे नाहीत. त्या सकाळी टोकियोच्या हॉटेलच्या लॉबीत ते चिठ्ठ्या चिकटवत होते, आणि मी अगदी नको त्या वेळी तोंड उघडलं. "काका, आज ती एकटी गाणार आहे, पहिल्या भागात. आज तरी आत बसा." काकांनी मान वर केली. समोर नाओमी मैत्रिणींशी हसत उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले, हात मात्र चालूच होता. "बसून काय करू?" ते हळूच म्हणाले. "मला बघून तिचा सूर हलला तर?"

चर्चमध्ये पोचल्यावर बारा वाजता उलगडा झाला. क्वायरच्या सगळ्या नोटेशनच्या फायली ज्या दोन पेट्यांत होत्या, त्यांना निळी चिठ्ठी लागली होती. पेट्या क्योतोच्या रस्त्याला लागल्या होत्या. मनोहरकाकांच्या हातून चूक! काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सामानवाल्यांना फोन लावला, पलीकडचा माणूस दहा वेळा माफी मागत होता आणि काका त्याला अकरा वेळा सांगत होते की चूक तुमची नाही, माझी आहे.

क्वायरचे संचालक मात्र शांत होते. पहिल्या भागातलं संगीत मुलं चॅपलमध्ये रोज गातात, ते पाठ आहे. दुसऱ्या भागाचे कागद त्यांच्या मोबाइलवर होते, ते कुठेतरी छापून आणा म्हणाले. कोपऱ्यावर कोनबिनी होतं, आणि जपानातल्या या चोवीस तास उघड्या दुकानांत छपाईचं यंत्र असतंच. काका लगेच निघाले. त्यांच्या चालीत सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून माझं डोकंच फिरलं. मी आडवी उभी राहिले.

"मी जाते. तुम्ही आत जा."

"अगं, चूक माझी—"

"असू दे. तुमचं लक्ष मी उडवलं, म्हणजे अर्धी माझी. आत जायचं आणि बसायचं. उठलात तर माझ्याशी गाठ आहे."

वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोलले नव्हते. काका आत गेले.

त्या यंत्रापुढे मी किती वेळ उभी होते, देव जाणे. कागद अडकायचा, मागे रांग लागायची, मी सगळ्यांना "सुमिमासेन, सुमिमासेन" करत माफी मागायची. गठ्ठे घेऊन धावत परत आले तेव्हा पहिला भाग संपून मध्यंतर झालं होतं. नाओमीचं गाणं मला ऐकायला मिळालं नाही. काका खरंच आत होते की मागच्या दाराने सटकले होते, तेही कळलं नाही. दुसऱ्या भागात मात्र तिसऱ्या रांगेत त्यांचं टक्कल दिसत होतं.

कार्यक्रम संपला. लोक पांगले. मी बाकांवरचे कागद गोळा करत होते. नाओमी तडक काकांसमोर येऊन उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, "पहिल्या भागात तुम्ही आत होतात?"

"होतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

तिचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "मग सांगा, मी कुठे चुकले?"

मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस "छान गायलीस" म्हणणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

"पहिल्या भागाच्या शेवटी ते लांब आमेन होतं ना," काका म्हणाले, "त्यात तू आणि तुझ्या डावीकडची, दोघींनी एकदमच श्वास घेतला. सूर पातळ झाला. आमची आई असती तर छडीच हाणली असती. शेजारणीने घेतला की आपण थांबायचं असतं. आणि एकटी गायलीस तेव्हा दुसऱ्या ओळीआधी घाबरलीस. उजवा खांदा वर गेला. लहानपणी खोटं बोलताना जायचा तसा."

नाओमीचे डोळे भरले आणि ती मराठीत म्हणाली, "बाबा, दोन नाही. तीन चुका होत्या."

"तिसरी कुठे?" काका एकदम अस्वस्थ झाले. "मला नाही ऐकू आली."

"शोधा. उद्या क्योतोला."

काका क्योतोला आत बसले. पुढे हिरोशिमालाही बसले. तिथून मला फोन केला, "अनघा, बस कुठे लागलीय ते तूच ड्रायव्हरला विचार बाई, मी आत निघालोय. पोरगी ती चूक फार बेमालूम लपवते." नंतर ती सुट्टीला घरी यायला लागली, बापाशी तासन्‌तास बोलायला लागली, भांडायलाही लागली. काका तिच्या गाण्याची रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि मधेच हात वर करून काकूंना गप्प करायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. योकोहामाच्या त्याच चर्चमध्ये प्रार्थना होती. मला खूप रडू आलं, आणि लोक बसायच्या आधीच मी बाहेर जाऊन छत्र्या लावत बसले, काय करणार. नाओमी मला शोधत बाहेर आली. बोलता बोलता मी विचारलं, "ती तिसरी चूक नक्की कुठे होती गं? काका शेवटपर्यंत शोधत होते."

"नव्हतीच, ताई," ती म्हणाली. "क्योतोला बाबा परत आत बसावेत म्हणून सांगितली होती."