कपाटावर फुलदाण्या आणि वानरीण

रिसोडच्या आमच्या घरात, बैठकीतल्या कपाटावर सासूबाईंच्या दोन फुलदाण्या असायच्या. फ्रान्समध्ये घडवलेल्या, दुधी काचेच्या, वर हाताने रंगवलेले गुलाब. त्यांचे वडील कापसाचे व्यापारी. त्यांनी त्या कधीतरी मुंबईहून आणल्या होत्या. वडिलांची तेवढीच वस्तू त्यांच्याकडे उरली होती.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी तिथेच तूर निवडत बसलो होतो. उघड्या दारातून एक वानरीण आत आली आणि तिने शेजारच्या ताटातलं केळं उचललं. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझे यजमान ओरडत आले. ती बिथरली आणि थेट कपाटावर चढली. पोटाला पिल्लू चिकटलेलं. लांब शेपूट दोन्ही फुलदाण्यांच्या मधून खाली लोंबत होतं.

यजमानांनी काठी उचलली.

"ठेव काठी खाली," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लेकरू हाय तिच्यापाशी. अंगावर येईन."

"पण आई, तुमच्या फुलदाण्या," मी पुटपुटले.

"मले दिसून राह्यलं."

शेपूट हललं. एक फुलदाणी लाकडावर किंचित सरकली. मी नकळत पुढे झाले, तशी वानरीण दात विचकून गुरगुरली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाहीर चला सारे. दार उघडंच राहू द्या."

आम्ही अंगणात अनवाणी उभे राहिलो. फरशी पाय भाजत होती. आत काहीच आवाज नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. मग खळकन काच फुटली. सासूबाईंनी डोळे मिटले. माझं मनगट सोडलं नाही. मला आत धाव घ्यावीशी वाटत होती, पण पाय उचलला नाही.

थोड्या वेळाने वानरीण उंबऱ्यावर आली, आमच्याकडे पाहत थांबली आणि भिंतीवरून निघून गेली. पिल्लू पोटाशीच होतं.

आत एका फुलदाणीचे तुकडे तुरीत विखुरले होते. दुसरी कपाटाच्या काठावर, अर्धी बाहेर. तिच्याजवळ जायला कुणी धजेना. शेवटी सासूबाईच स्टुलावर चढल्या. मी त्यांची कंबर धरली. फुलदाणी सुखरूप खाली आली, आणि त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"धर," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी यजमान म्हणाले, "आई, चिकटवून आणू का?"

"राहू दे. चिकटवलेली मले पाह्यवणार नाही."

त्यांनी तुकडे जुन्या लुगड्यात बांधून ठेवले आणि रोजच्यासारखा चहा मागितला. तूर मात्र सगळी फेकून द्यावी लागली.