अनुदानाची वीत

जपानी पद्धतीने भात लावला तर सरकार अनुदान देतं, हे गावात पहिल्यांदा कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जपानी येऊन लावनार हायत काय गो?" जपानी काही आले नाहीत. पोलादपूरहून ग्रामसेवक आला आणि रोपं ओळीत, आठ-आठ इंचांवर लावायची, एवढं सांगून गेला.

आमचं शेत नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा मुंबईला गोदीत. त्यांनी पत्रातून लगेच परवानगी दिली. चिखलात उतरायला मी आणि सासूबाई होतोच. इंचाची पट्टी घरात नव्हती, म्हणून मी सुंभाची दोरी घेतली आणि तिला वितीवितीवर गाठी मारल्या. दोन टोकांना आम्ही दोघी, गाठ येईल तिथे रोप. शेजारणी बांधावर उभ्या राहून हसायच्या, "भात लावतंस का गजरा गुंफतंस गो?"

मला ते पैसे हवे होते, सरळच सांगते. खालच्या शेताचा बांध दर पावसाळ्यात फुटायचा आणि आमची माती सावित्रीत जायची. तो एकदा दगडाने बांधून घ्यायचा, हे मी वाकून लावणी करतानाच ठरवलं होतं.

भाद्रपदात शेतकी खात्याचे साहेब टेप घेऊन आले. चार ठिकाणी मोजलं, चारही ठिकाणी आठ इंच. "खातेदार हुशार दिसतो," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. हुशार खातेदार तेव्हा गोदीत पोती वाहत होता.

पैसे महाडला मिळणार, खातेदाराने स्वतः हजर राहावं, असा कागद आला. हे रजा टाकून आले. एसटीत बसल्या बसल्या मला म्हणाले, "मनगटी घड्याळ बघून ठेवलाय." मी बांधाचं काढलं.

"बांध काय, दरसाल फुटतोच. घड्याळ एकदाच घ्यायचा हाय."

कचेरीत साहेबांनी ह्यांना खुर्ची दिली. मी दारापाशी उभी राहिले. अंतर इतकं नेमकं कसं राखलंत, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

"वितीनं, साहेब! बायकांना समजवता समजवता नाकी नऊ आले."

साहेब खूश झाले. टेप पसरून म्हणाले, "दाखवा बघू." ह्यांनी टेबलावर पंजा ताणला. तो नऊ इंचांच्याही पुढे गेला. साहेबांनी वही पाहिली, पुन्हा पंजा पाहिला.

"तफावत आहे. पाहणी भलत्याच शेताची झाली असेल तर पैसे देता येणार नाहीत."

ह्यांचा चेहरा पडला. मला घटकाभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझा बांध त्याच पैशांत अडकला होता. मी पुढे झाले, पदर सावरला आणि टेपवर हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आठ इंच, ना कमी ना जास्त.

"वा वहिनी! जुळलं," साहेब म्हणाले. त्यांनी ह्यांची सही घेतली आणि नोटा ह्यांच्या हातावर ठेवल्या. ह्यांनी त्या न मोजता खिशात घातल्या.

माझा हात तसाच टेबलावर उघडा राहिला होता.

"जरा हात बाजूला घ्या हं," साहेब मला म्हणाले, "टेप गुंडाळायची आहे."