आमच्या घरमालकांचं इस्राएल

आमच्या घरमालकांइतकी इस्राएलची काळजी वाहणारा माणूस खुद्द इस्राएलातही नसेल. मिशनच्या दवाखान्यातले हे निवृत्त कंपाउंडर, पिढीजात सोलापूरकर ख्रिस्ती. पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते, पण यरुशलेमच्या वेशी त्यांना नव्या पेठेतल्या दुकानांसारख्या पाठ होत्या. भिंतीवर शास्त्रातल्या देशाचा जुना नकाशा होता. रेडिओवर बातम्या लागल्या की चष्मा चढवून त्यापुढे उभे राहत आणि काडीने आघाड्या दाखवत. नकाशात सुवेझचा कालवाच नव्हता. तो त्यांनी निळ्या शाईने स्वतः खणला होता. जगाचं सगळं राजकारण यहेज्केल संदेष्ट्याने आधीच लिहून ठेवलंय, पंतप्रधान वगैरे मंडळी नुसती नक्कल उतरवतात, असं त्यांचं मत. मी सकाळी बादली घेऊन नळाकडे निघालेला भाडेकरू, ऐकत तिथेच उभा राही. पाणी जाई, बायको ओरडे, पण मला पस्तावा होत नसे. इतक्या ठाम विश्वासापुढे माणूस आपोआप नम्र होतो.

सगळे यहुदी मायदेशी परतले की प्रभू येशू पुन्हा येणार, हा त्यांचा सिद्धांत. अडचण एकच होती. गल्लीच्या टोकाला राहणारे त्यांचे जिवलग मित्र, रेल्वेतले गार्डसाहेब, मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांपैकी. आणि ते हलायचं नाव घेत नव्हते. संध्याकाळी ओट्यावर दोघांचं रोजचं जुंपे.

"गार्डसाहेब, तुमच्यापायी अडलंय बगा सगळं. तिकडं प्रभू तयार हाय."

"मी गेलो, तुमचा प्रभू आला. मग माझं काय होणार?"

"काय म्हंजे? तुमीबी ख्रिस्ती व्हनार की!"

"म्हणजे एवढ्या लांब जाऊन शेवटी तुमच्याच चर्चात बसायचं? त्यापेक्षा सोलापूर काय वाईट?"

घरमालक मांडीवर थाप मारून हसत, चहा मागवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करत.

शेवटी गार्डसाहेबांचा थोरला मुलगा तिकडे गेला. त्याला लहानपणी सायकल शिकवली होती घरमालकांनी. "इसार तरी पोचला," म्हणत त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात लढाई पेटली तेव्हा तो मुलगा तिकडच्या फौजेत, सिनायच्या वाळवंटात होता. जिवंत आहे की नाही, काही कळेना. आता घरमालक नकाशा सोडणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी तो उतरवून कपाटामागे ठेवला. एरवी भिंतीपलीकडून त्यांची संध्याकाळची प्रार्थना ऐकू येई. तीत इजिप्तच्या राजाचे, फारोचे रथ रोज समुद्रात बुडत. त्या दिवशी ऐकलं ते असं: "बापा, आमचं पोरगं घरी धाड. आनि त्याच्यासमोर हुबी असतील ती पोरंबी धाड. त्यांनाबी कुनीतरी सायकल शिकवली आसंल." माझ्या हातातला घास हातातच राहिला. एवढा मोठा माणूस एका भिंतीपलीकडे राहतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बेने इस्राएल लोक एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, खोबरं, गूळ आणि फळं. जन्मभर नवसाला नावं ठेवणाऱ्या, आमच्या गणपतीचा प्रसाद हात जोडून परत करणाऱ्या या माणसाने तो मलिदा बोलला.

"काका, नवस?" मी चिडवलं.

"नवस न्हाय, करार हाय. एलिया आमच्याबी पुस्तकात हाय की!"

मुलगा सुखरूप असल्याची तार आली. मलिदा घरमालकांच्या ओट्यावरच झाला. गार्डसाहेब हिब्रूत प्रार्थना म्हणत होते आणि घरमालक, अक्षर न कळता, भलत्याच जागी मोठ्याने 'आमेन' म्हणत होते. गार्डसाहेबांनी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

पण या धक्क्यानंतर गार्डसाहेबांच्या बायकोला मुलापासून दूर राहवेना. उन्हाळ्यात दोघं निघाली. स्टेशनवर आता घरमालक स्तोत्र गाणार अशा तयारीने मी गेलो होतो. इतक्या वर्षांचं मागणं पुरं होत होतं. ते खिडकीचा गज धरून उभे राहिले. शिट्टी झाली तेव्हा म्हणाले, "गार्डसाहेब, ऱ्हावा की. प्रभूला कसली घाई हाय?"

गार्डसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि गाडी हलेपर्यंत काढला नाही.

नंतरही भिंतीपलीकडे रोज प्रार्थना होत असे. पण प्रभूने लवकर यावं, असं मागताना मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही. गार्डसाहेबांनी एकदा येऊन जावं, एवढंच ते मागत.