सहसंशोधक मालूताई

विद्यापीठाच्या आवक खिडकीसमोर मी उभा होतो, त्या महिन्यात तिसऱ्यांदा. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या प्रस्तावाची पानं एकेक करून उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या मॅडमची सही राहिलीये. सही आणा, मग घेते." नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. पेणहून मालूताईची सून वैशाली बोलत होती. "मामा, आई गेल्या... सकाळी चहा टाकायला उठल्या आणि तिथंच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. फोन खिशात टाकून मी खिडकीतल्या बाईंना सांगितलं की ही सही आता मिळणार नाही, त्या मॅडम आत्ताच वारल्या. बाईंनी पानं खाली ठेवली. वाईट वाटल्यासारखा चेहराही केला त्यांनी, खोटं कशाला सांगू. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग नाव कमी केल्याचं पत्र जोडावं लागेल." तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली मी, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं तयार असतं. त्या दिवशी मात्र मी नुसती पानं गोळा केली आणि निघालो.

मालूताई माझी मावसबहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. पेणच्या खाडीकडच्या गावांमध्ये तिनं आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी काढली. तिकडे तिला मालती म्हणून कुणी ओळखत नसे, ती 'नर्सबाय'. दोन पिढ्यांची बाळंतपणं तिच्या हातची. मी रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो. या दोन्हींत मी नेमकं कुठलं काम करतो आणि कुठल्याचा पगार घेतो, हा प्रश्न ती मला दर भाऊबीजेला ओवाळताना विचारायची. मी तिला ओवाळणी घालायचो आणि ती मला टोमणा. आमचं बरं चाललं होतं.

ह्या अर्जाचं प्रकरण सुरू झालं ते पेणजवळच्या गडब गावात, एका भाच्याच्या हळदीत. मांडवात बेंजो असा काही वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ओठांवरूनच ओळखावं. मी ताट घेऊन मांडवाच्या मागे सटकलो, तर ही तिथं आधीच दबा धरून बसलेली. म्हणाली, "तू खेकड्यांवर काय तरी करतोस ना? त्याला विद्यापीठ पैसे देतं?" मी जरा छाती फुगवून सांगितलं की हो, खाडीतल्या खेकड्यांवर माझा प्रकल्प आहे. "मग खेकडी दिवसातून कितीदा पाणी पितात ते मोजलंस?" मी हसलो. ती हसली नाही. "आमच्या मिठागरावरच्या बाया सकाळी घरून निघताना घोटभर पितात. मग दुपारी घरी येईस्तोवर थेंब नाय. उन्हात, त्या पांढऱ्या मिठावर. का, ते विचार." मी विचारलं, का? "बसायचं कुठं?" ती म्हणाली.

मिठागर ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ना झाड, ना झुडूप, सगळा सपाट उजेड. बांधावर उभं राहिलेलं माणूस पार हायवेवरून दिसतं. पुरुषांना त्याचं काही वाटत नाही. बायका मात्र पाणीच पीत नाहीत, म्हणजे उठायला नको. मग जळजळ, ताप, मुतखडे, आणि कुणाच्या तरी किडनीचं दुखणं पार मुंबईच्या इस्पितळापर्यंत गेलेलं... हे सगळं मालूताईनं नोकरीभर पाहिलं होतं. तिचं मागणं अगदी साधं होतं. कुणीतरी रीतसर तपासण्या कराव्यात, नीट लिहावं, आणि ते लिहिलेलं दाखवून प्रत्येक मिठागरावर एक आडोसा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी मागावी. "तोंडानं सांगून माझा घसा बसला," ती म्हणाली. "कागदावर आलं तर ऐकतील. तुझ्याकडे कागद हाय."

कागद! पुढची दोन वर्षं मी दुसरं काही पाहिलं नाही. आरोग्य संशोधनासाठी एकत्रित अनुदानाची एक योजना होती. पण अर्ज करायचा तो विद्यापीठामार्फत, संलग्न कॉलेजातला प्राध्यापक मुख्य संशोधक म्हणून हवा आणि जोडीला एखादं वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे खेकड्यांचा मास्तर मुख्य, आणि जिला सगळं ठाऊक होतं ती कुठे बसवायची याचा पत्ता नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एक डॉक्टरबाई तयार झाल्या, फार भल्या बाई. पण त्यांच्या नैतिकता समितीनं सांगितलं की आधी विद्यापीठाचं शिफारसपत्र आणा, मग आम्ही प्रस्ताव वाचू. विद्यापीठ म्हणालं, आधी नैतिकता समितीची मंजुरी आणा, मग आम्ही शिफारस करू. मी दोन्हीकडे जाऊन, हात जोडून, आवाज खाली-वर करून पाहिला. दोन्हीकडच्या माणसांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि एकमेकांकडे पाठवलं. शेवटी डॉक्टरबाईंनीच 'तत्त्वतः मंजुरी' नावाचा एक कागद मिळवला, ज्याचा अर्थ मंजुरीही होत नव्हता आणि नामंजुरीही. तो मात्र दोन्ही कार्यालयांना एकदम पसंत पडला.

मग ऑनलाइन अर्ज. सहसंशोधकाच्या शिक्षणाच्या रकान्यात यादी सुरूच होत होती पदव्युत्तरपासून. मी 'इतर' निवडलं, तर यंत्रानं प्रकाशित शोधनिबंधांची संख्या विचारली. शून्य टाकलं, तर लाल अक्षरांत 'योग्य संख्या भरा'. हे मी मालूताईला फोनवर साभिनय वाचून दाखवलं. तिनं शांतपणे विचारलं, "शून्य पण घेत नाय? मग मी केलेली बाळंतपणं टाक." मी खरंच टाकणार होतो. डॉक्टरबाईंनी आवरलं.

त्यातच नैतिकता समितीनं कळवलं की मोठ्या अभ्यासाआधी थोड्या बायकांवर प्रश्नावली तपासून पाहा, आणि त्यांची संमती अर्जाला जोडा. मी मालूताईला म्हटलं, संमती घेऊन ये. आठवड्यानं ती रोह्याला आली, पिशवीतून एक कागद काढला आणि विजयी मुद्रेनं माझ्यासमोर ठेवला. महिला बचत गटाचा ठराव! 'मिठागरातील महिलांच्या आरोग्याची तपासणी होणेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.' खाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि गटातल्या सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. गावात रस्ता मागायचा असो की सप्त्याचा स्वयंपाक वाटून घ्यायचा असो, बायका ते ठरावानंच ठरवतात. लघवीची तपासणीसुद्धा सूचक-अनुमोदकासह! मी इतका खूश झालो की स्टाफरूममध्ये त्याचं जाहीर वाचन केलं आणि मोठ्या अभिमानानं तो ठराव अर्जाला जोडला. समितीनं तो परत पाठवला. संमती प्रत्येकीची वेगळी, एकांतात, समजावून सांगून घ्यावी. मी भडकलो. मुंबईतल्या चार भिंतींत बसून ह्यांना गाव काय कळणार, वगैरे जे काही असतं ते सगळं बोललो. मालूताईला समितीचं म्हणणं अपमानासारखं लागलं. "माझ्या बाया मला नाय म्हणतील?" एवढंच ती म्हणाली.

पण अर्ज अडला तो ह्या सगळ्यापायी नाही, माझ्यापायी. ते आता लिहायलाच हवं. विद्यापीठातल्या अधिकाऱ्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, बाईंना क्षेत्र सहायक म्हणून दाखवा, प्रस्ताव आज पुढे जातो. सहसंशोधक म्हणून नाव जाणार नाही, नियमात बसत नाही. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहून भाषण ठोकलं. ज्ञान म्हणजे काय, पदवी म्हणजे काय, ह्या देशात सुईणीनं काय काय केलंय... शिपाई दारात थांबून ऐकत होता, म्हणजे बघा. अधिकारी मधूनमधून मान डोलावत होते आणि शेवटी म्हणाले, नियम बदलून आणा. मी हुद्दा बदलला नाही. अर्जाची मुदत गेली. वर्ष गेलं.

मालूताईनं मला पेणला बोलावून घेतलं होतं त्या दिवसांत. फार रागावली नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "बाळू, नाव कुणाचं घालतोस त्याच्याशी मला काय करायचंय? सायक घाल, झाडूवाली घाल. अर्ज जाऊ दे." मी म्हटलं, ताई, तत्त्वाचा प्रश्न आहे. "तत्त्व तुझं, आणि ऊन त्या बायांचं," ती म्हणाली. तरी मी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी मी कुठून तरी 'विशेष तज्ज्ञ सहसंशोधक' असा एक रस्ता शोधून काढला. अधिकारीही माझ्या भाषणांना कंटाळून तयार झाले. फक्त तिची सही हवी होती. मी रोह्यात, ती पेणला. रविवारी जातो, असं म्हणत दोन रविवार गेले, एका नाटकाच्या तालमीत. मग म्हटलं, आधी खिडकीवर देऊन तर बघू, सही मागाहून घेतील... पुढचं सुरुवातीलाच सांगितलंय.

तेराव्याला खाडीकडच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. मी ओसरीवर बसून त्यांना सांगत होतो की मी अर्जच मागे घेणार आहे, तिचं नाव खोडून मला काही मिळवायचं नाही. आवाज भरून आला होता, हातवारेही होत होते, मला वाटतं. पार्वतीबाय म्हणून एक थोराड म्हातारी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सर, नर्सबाय सांगायची, आमचा भाव नाटकं लय चांगली करतो. आता काम कवा करताव?" सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, कुणीच हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नाव कमी केल्याचं पत्र लिहिलं. चार ओळींचं. आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं लिखाण, आणि त्याला लागली अख्खी सकाळ. अर्ज गेला. त्यावर आजतागायत 'विचाराधीन' असं दिसतंय. मी रोज सकाळी उघडून बघतो आणि रोज माझं डोकं तडकतं.

संमतीपत्रं मागाहून जोडायची सवलत समितीनं दिली होती; ती घेतली मात्र नियमाप्रमाणे, एकेकीची. गावात एकांत कुठला मिळणार, म्हणून वैशालीनं मालूताईची पेणची बाहेरची खोली दिली. डॉक्टरबाई आतल्या दाराशी, समोर एक-एक बाई, मी बाहेर पायरीवर. पण दार सताड उघडं, आणि पुरुषाला जेवढं ऐकू येऊ नये तेवढं सगळं मला ऐकू येत होतं. म्हणून मी उठून गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. एकदा पाण्याची बाटली घ्यायला परत आलो, तेव्हा आत एक दोनेक वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून बसली होती. तिनं संमतीचा कागद पुन्हा डॉक्टरबाईंकडे सरकवला होता. नको म्हणाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, पण ठरावावर तुझी सही आहे ना? "तवा सगळ्याच करत व्हत्या," ती म्हणाली. "नर्सबाय समोर बसलेली. तिला नाय कसं म्हननार?" डॉक्टरबाईंनी शांतपणे 'असहमत'वर खूण केली आणि तिला पाणी विचारलं. ती तांब्यातून दोन पेले पाणी सावकाश प्याली, आणि मोरी कुठं आहे ते वैशालीला विचारून मागच्या दारी गेली.

मला हसावं की रडावं कळेना. ज्या नियमावर मी स्टाफरूममध्ये तोंडसुख घेतलं होतं तो ह्या एका पोरीपुरता तरी खरा ठरला होता. आणि आमची मालूताई, जिच्यासाठी मी दोन वर्षं जगाशी भांडलो, तिच्यापुढे ह्या पोरीचा आवाज फुटला नव्हता. मालूताईला हे सांगितलं असतं तर ती चिडली असती, मग गप्प झाली असती, मग त्या पोरीला एकटीला गाठून विचारलं असतं की का गो, तुला काय सांगायचंय... आणि तिनं तिला बोलतं केलं असतं. नक्की केलं असतं.

त्या खोलीत दारालगत मालूताईची लाकडी खुर्ची आहे. ती नेहमी तिथंच बसायची, अर्ध्या दारावर, म्हणजे आलेली बाई तिच्याशी बोलल्याशिवाय, डोळे-जीभ दाखवल्याशिवाय बाहेर पडूच शकत नसे. वैशालीनं ती अजून हलवलेली नाही. बाकीच्या बायका अंग चोरून खुर्चीच्या कडेनं निघून जात होत्या. ही पोर मोरीवरून परत आली, पदरानं हात पुसले, खुर्चीसमोर थोडी थांबली. मग तिनं ती दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, बाहेर पडली, पायरीवर उभी राहून वळली आणि खुर्ची पुन्हा होती तिथंच नीट ठेवून निघून गेली.