दोघांच्या गोळ्या

अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची, धड बसवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जंतुसंसर्ग आहे म्हणाल्या आणि गोळ्यांची दोन पाकिटं दिली. एक माझं, एक नवऱ्याचं. "दोघांनीही घ्या, नाहीतर पुन्हा होईल," असं त्यांनी बजावलं.

नवरा म्हणाला, "मले काय झालं? मी काहून खाऊ?"

त्याचं पाकीट फ्रिजवर पडून राहिलं. मी बरी झाले आणि महिन्याभरात पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "तुलेच काहून सारखं होते वं? साफसूफ राहत जा."

मी! दोन वेळा आंघोळ करणारी! आणि ज्याच्याकडून येत होतं तो इस्त्रीचा शर्ट घालून मिहानमधल्या कंपनीत कामावर चालला होता, अगदी निर्मळ.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. सकाळी तो जेवायला बसला. सासूबाईंसमोर मी ताटात पोळीऐवजी त्याच्या वाटणीच्या गोळ्या वाढल्या. "आधी हे घ्या. मग पोळी."

त्याने गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "लय कडू आहे वं."

मी म्हणाले, "मी तिसऱ्यांदा खाऊन राहिली."