मामा वाट भुलतो

आमच्या भागात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर ऐकणाऱ्या पोराचा मामा वाट भुलतो. काकाला काही होत नाही, आत्याचा नवरा तर अगदी धडधाकट राहतो, भटकायचं ते बिचाऱ्या मामानंच. हा नियम कुणी काढला असेल ते मला नीट कळतं. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायची वेळ असते तेव्हा, बाईला पाठ टेकायची सवड नसते आणि पोरं गोष्टीसाठी पदर ओढत असतात. अशाच एखाद्या वैतागलेल्या बाईनं मामाला पुढे केलं असणार. एवढं कळूनही, इतकी वर्षं कॉलेजात मराठी शिकवूनही, मी वर्गात कधी गोष्ट सांगितलेली नाही. कॉलेज दिवसाच भरतं. मुलांना म्हणते, घरून वाचून या.

मला एकच मामा होता, आईच्या पाठचा. आजोळ लाखांदूरच्या बाजूला, आमचं घर सानगडीजवळच्या एका खेड्यात. मी लहान होते, तापानं फणफणले होते, औषध तोंडात टिकू देत नव्हते. घरातली सगळी माणसं रोवण्याला गेलेली. औषध पोटात जावं म्हणून भर दुपारी आईनं मला गोष्ट सांगितली. एक चमचा औषध, थोडी गोष्ट, असं करत करत.

त्याच दुपारी मामा मला पाहायला म्हणून लाखांदूरला एसटीत बसला. बसताना ओळखीच्या लोकांनी त्याला पाहिलं, हातात पिशवी होती. उतरताना कुणीच पाहिलं नाही. तो आमच्याकडे पोचला नाही आणि घरीही परतला नाही. पोलिसांत कळवलं, वाटेवरची गावं पालथी घातली, तलावांत गळ टाकून पाहिले. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, म्हणून काही दिवस लोकांनी भलतंसलतंही बोलून घेतलं. मग तेही थकले.

त्या दुपारच्या गोष्टीबद्दल आई कुणापाशी बोलली नाही. मला कळलं ते फार उशिरा. एम.ए. करत होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं, आणि या नियमाची टर उडवत होते. आई हातातलं काम टाकून म्हणाली, "हसू नोको. तुले ताप होता अन् मीनं दिवसा गोष्ट सांगतली. तो तिकडं गाडीत बसला होता."

"आई, हजारो बाया दिवसा गोष्टी सांगतात."

"त्यायच्या लेकरायचे मामा तवा गाडीत नसतीन."

 मला भयंकर राग आला. त्या मूर्ख नियमाचा, त्या गाडीचा, आणि आईनं हे ओझं एकटीनं वाहिलं त्याचा.

फँटसी वाचायचं वेड मला तेव्हापासूनचं. स्टाफरूममध्ये अजून विचारतात, "मॅडम, आज कोणती परी?" या लोकांना वाटतं, जादूची सगळी पुस्तकं म्हणजे एकच काला. मी चिडते, मग त्यांना आणखी मजा येते. खरं कारण मी त्यांना कसं सांगणार? ज्या पुस्तकात अख्खं जगच नवं रचलेलं असतं, त्याच्या पहिल्या पानावर बहुधा नकाशा असतो. मी गोष्ट नंतर वाचते, आधी त्या नकाशातला एकेक रस्ता बोटानं धरून जाते आणि तो कुठल्या रानात शिरून संपतो ते बघते. बाजाराचं वर्णन आलं की गर्दीत मला पिशवी घेतलेला एक तरुण दिसतो. लेखकानं तो लिहिलेला नसतो. डार्क फँटसी, म्हणजे जिच्यात जादू माणसाचं भलं करायला येत नाही, ती वाचून तर मी स्वतःचे फार हाल करून घेतले. सानगडीकडे जाताना तलावाच्या पाळीवर कुणी पाठमोरं बसलेलं दिसलं की मी नजर वळवायचे. त्यानं मान फिरवली तर, ही भीती. ओळखीचा चेहरा निघेल ही एक, आणि निघणार नाही ही दुसरी.

आई आता लाखनीला माझ्याकडे असते. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. गेल्या हिवाळ्यात कॉलेजात फँटसीच्या प्रकारांवर बोलायचं माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत मोठ्यानं तयारी करत होते. आई दाराशी सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. हायवेवरून ट्रक जात होते.

"हाय फँटसी," मी म्हटलं, "यात नायक मोठ्या कामगिरीवर घर सोडून निघतो."

"परत येते का?" आईनं विचारलं.

"येतो. पण मग गावात त्याचं मन रमत नाही."

तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "अजून?"

"अर्बन फँटसी. आपल्याच शहरात, बसस्टँडवर, बाजारात जादू चाललेली असते. लोकांना दिसत नाही."

"म्हणजे तो इथंच फिरत असन अन् आपल्याले दिसत नसन?"

'तो' कोण हे मला तेव्हा कळलं. माझं व्याख्यान तिथेच संपलं होतं.

"थांबली काहून? सांग ना."

"पोर्टल फँटसी. एक दार उघडतं आणि माणूस दुसऱ्या जगात जातो. त्यात लहान मुलं जातात ती बहुतेक परत येतात."

"तो लहान नव्हता," आई म्हणाली.

यानंतर गप्प बसायला हवं होतं, पण तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हटलं, गोष्टींची अजून एक जात आहे, परीकथेतूनच निघालेली. एक माणूस कुठेतरी जायला निघतो. वाटेत डोंगराच्या पोटात गाणंबजावणं चाललेलं असतं, म्हणून तो घटकाभर टेकतो. त्याला वाटतं एक दुपार गेली, आणि इकडे मागे राहिलेली माणसं म्हातारी होतात. बोलता बोलता लक्षात आलं की मी गोष्ट सांगते आहे, आणि बाहेर लख्ख ऊन आहे. वाट भुलायला आता कुणाचाच मामा उरला नव्हता, तरी मी आवाज खाली आणला. आईच्याही ध्यानात आलं असणार. तिनं मला अडवलं नाही.

"म्हणजे त्याच्यासाठी अजून तेच दुपार चालू असन," ती म्हणाली.

"हो."

"तुह्या तापाची."

"हो."

"गाडीतच असन मंग. खिडकीपाशी." ती थोडी हसली. "अन् उतरला की?"

या जातीच्या गोष्टींचा शेवट मला ठाऊक होता. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. घरी येतो, बहिणीला भेटतो, संपलं. पण मग ती अजून वाट बघत बसली असती, आणि तिच्याजवळ आता तेवढं वय नव्हतं. म्हणून मी खरं ते सांगितलं. जमिनीला पाय लागला की सगळी वर्षं एकदम अंगावर येतात, आणि माणसाची माती होते.

आईनं सूप खाली ठेवलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली.

"मंग त्याले म्हणा, उतरू नोको," ती म्हणाली. "बसून राह्य बाबू. पोरीले बरं वाटून राहिलं आता. तू नोको येऊ."

इतकी वर्षं मामाचा विषय निघाला की ती गुपचूप डोळे पुसायची, चोरी पकडल्यासारखी. त्या दुपारी ती मोठ्यानं रडली, हेल काढून. मी तिच्याजवळ जाऊन बसले, पण तिला उगी केलं नाही. शेजारची बाई हातातलं काम टाकून धावत आली.

"काय झालं वो काकू?"

"माहा भाऊ गेला, बाई," आई तिला म्हणाली.