सावंतांच्या पाच केपा

असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ज्या टेबलाशी कळणारा एक आणि सल्ला देणारे चार, त्या टेबलाखाली ते आपोआप साचतात. माझ्याकडे आठ वर्षांचे साचलेत!

मी दापोलीकडचा. मस्कतला आलो तो वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून. वर्कशॉपच्या मालकाला, म्हणजे आमच्या अर्बाबला, निशाणेबाजीचं वेड. बौशरला स्वतःच्या घरी, मागच्या खोलीत, रीतसर परवाना काढून त्यानं रायफलची काडतुसं पुन्हा भरायचं टेबल मांडलं होतं. लेथवरचा माझा हात बघून एक दिवस मला त्या खोलीत नेऊन म्हणाला, "कल से तुम इधर." झालं, मी काडतूसवाला झालो.

काम सांगायला सोपं. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. साफ करायची, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, दारू भरायची, वर गोळी. प्रायमर म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षाही लहान टोपी. आमच्या गावाकडे ठासणीच्या बंदुकीला केप लावतात ना, तिचीच धाकटी बहीण. रायफलची पिन तिच्यावर आपटते, ठिणगी पडते, गोळी सुटते. कुठल्या काडतुसाला कुठली केप, ते पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात आहे ती घ्यायची. खलास!

कारण गोळी सुटते तेव्हा अर्बाबचा उजवा डोळा त्या केपेपासून वीतभर अंतरावर असतो. चूक माझी, डोळा त्याचा. आठ वर्षं मी या एकाच गोष्टीला घाबरून काम केलं.

आणि आमच्या लोकांना पुस्तक उघडायचीच लाज वाटते!

*

सावंत म्हणजे अर्बाबच्या अझैबाच्या ऑफिसातले पर्चेस ऑफिसर. मागितलेली वस्तू न आणता तिच्यासारखी दिसणारी आणण्यात त्यांचा हातखंडा.

मी चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं, 'लार्ज रायफल'. सावंतांनी आणल्या 'लार्ज पिस्तूल'.

"रायफलच्या संपल्या होत्या. पण साइझ सेम आहे! मी व्हर्नियर लावून मोजूनच घेतल्यात!"

रुंदी सारखी असते, हे खरं. पण उंची? आणि पत्रा? पिस्तुलाची केप पातळ पत्र्याची. रायफलच्या दाबाखाली ती फुटली, तर गरम झोत मागे येतो. मागे कोण? अर्बाबचा डोळा. हे सगळं मी कागदावर चित्र काढून समजावलं.

सावंतांनी चष्मा पुसून गंभीर चेहऱ्यानं चित्र बघितलं. मग म्हणाले, "मग अर्बाबला सांग ना, ट्रिगर जरा हळू ओढा!"

*

शिंदे माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. एसीचा इंजिनियर. आयुष्यात त्यानं बंदूक धरली ती जत्रेत, फुगे फोडायला. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो माझ्यापेक्षा मोठा काडतूसवाला झाला होता.

"तू मॅग्नम प्रायमर का टाकत नाहीस?"

"पुस्तकात नाही म्हणून."

"पुस्तक काय घेऊन बसलास! गाडीत सुपर टाकतोस ना? मग इथं रेग्युलर कशाला?"

मॅग्नम केप जास्त जोरात पेटते. ती मोठ्या काडतुसांसाठी, नाहीतर कडाक्याच्या थंडीसाठी. आणि आमच्याकडे जूनमध्ये स्टिअरिंगला फडकं गुंडाळून गाडी चालवावी लागते.

"व्हिडिओतला तो गोरा तर टाकतो!"

"राहतो कुठं तो?"

शिंदेनं मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. गोऱ्याच्या मागे सगळं पांढरंशुभ्र. "बर्फ पडतंय वाटतं."

"बरं. बौशरला बर्फ पडलं की मला फोन कर!"

*

दुसऱ्यांनाच नावं ठेवतो असं नको व्हायला. एकदा मीही गप्पांच्या नादात एक केप चक्क उलटी बसवली. काडतूस तपासताना अर्बाबला सापडली. तो ओरडला नाही. दुपारी जेवायला बसलो तर माझ्या ताटात, भाताच्या ढिगावर, ते काडतूस उभं करून ठेवलेलं! त्यानंतर त्या खोलीत मी गप्पा मारल्या नाहीत.

*

आता बरणीचा किस्सा.

अर्बाबकडे टेबल बघायला पाहुणे यायचे होते. मी नेमका दोन दिवस तापानं पडलेलो. टापटिपीचं काम सावंतांनी अंगावर घेतलं. केपांच्या डब्यात प्रत्येक केपेला वेगळा खळगा असतो, एकीचा दुसरीला धक्का लागू नये म्हणून. सावंतांना ती जागेची उधळपट्टी वाटली. रायफलच्या, मॅग्नमच्या आणि त्याच त्या पिस्तुलाच्या, सगळ्या केपा त्यांनी लोणच्याच्या एका धुतलेल्या काचेच्या बरणीत ओतल्या! वर लेबल, तेही कॉम्प्युटरवर छापलेलं: 'प्रायमर, ऑल टाइप्स'.

"आपण घरी डाळ काय पिशवीतच ठेवतो का?" सावंत म्हणाले.

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. त्यातली एक जरी पेटली असती, तर सगळी बरणी काचेसकट तोंडावर आली असती. अर्बाबनं फोन करून जाणकार माणसं बोलावली. तीही बरणीला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसती बघत उभी राहिली.

"आता कुठली कशाची, कुणालाच सांगता येणार नाही," मी म्हणालो.

सावंत दुखावले. "मला येईल! रायफलच्या पाच मी नजरेनं ओळखून आधीच काढून ठेवल्यात, पाहुण्यांना दाखवायला!" त्यांनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढून अर्बाबला दिली. "तशा सगळ्या सारख्याच, म्हणा."

सावंत गेल्यावर अर्बाबनं ती डबीही त्या माणसांच्या हवाली केली. मग मला म्हणाला, "जुम्मा को पाँच काडतूस चाहिए. नया डब्बा, किताबवाला."

*

शुक्रवारी सकाळी रेंजवर आम्ही तिघंच. मी भरलेली पाच काडतुसं अर्बाबनं फडक्यावर ओळीनं मांडली.

"सावंत, ये तुम्हारा पाँच. तुमने चुना. पहला तुम मारो. यल्ला!"

सावंतांच्या कपाळावर घाम आला. "मारता अर्बाब... लेकिन आज चश्मा घर पे रह गया."

चष्मा नाकावर होता.

"माफी मुश्किल," अर्बाब म्हणाला, म्हणजे 'काही हरकत नाही'. चटईवर पालथा झाला, रायफल खांद्याला लावली, उजवा डोळा दुर्बिणीमागे नेला. आणि थांबला. चांगला मिनिटभर थांबला. मी सावंतांकडे बघत होतो. 'नको' एवढा एक शब्द पुरे होता. सावंत दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली.

अर्बाबनं पाचही उडवली. पाचही काळ्या वर्तुळात. तो उठला, अंगातल्या पायघोळ दिशदाशावरची माती झटकली, सावंतांकडे एकदा बघितलं आणि गाडीकडे चालू लागला.

सावंत माझ्या पाठीमागून पुढे आले. नाकावरचा चष्मा नीट केला आणि मला कोपरानं ढोसून म्हणाले,

"बघितलंस? म्हटलं नव्हतं, सगळ्या सारख्याच!"